पाहुणे येतात त्या दिवशीं

गेल्या महिन्यांत मजकडे आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र मीं तीन वेळां वाचलें. लिहिणारी भगिनी सुशिक्षित आहे. घर मोठें, सासूसासरे, दीर-जावा, मुलेंबाळें मिळून चौदा माणसांचें. तिच्या पुतणीला, म्हणजे थोरल्या दिरांच्या मुलीला, पाहावयास लवकरच पाहुणे यावयाचे आहेत. या भगिनीचा स्वतःचा मुलगा नऊ वर्षांचा. तो बोलतो थोडें, आणि जें बोलतो तें बहुधा दुसऱ्याचें ऐकलेलें वाक्यच जसेंच्या तसें परत म्हणतो. पंखा फिरूं लागला म्हणजे त्याच्याखालीं उभा राहून टाळ्या वाजवितो. कुकरची शिट्टी झाली कीं दोन्ही कानांवर हात घेऊन माजघराच्या कोपऱ्यांत बसतो. त्याला स्वमग्नता आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. "त्या दिवसापुरता त्याला त्याच्या मामाकडे पाठवून द्यावा, असें घरांतील वडील माणसांचें म्हणणें आहे. त्यांचा हेतु वाईट नाहीं. मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे. मलाही तें पटतें, पण रात्रीं झोंप येत नाहीं. आपण काय म्हणतां?" एवढाच पत्राचा मतलब.

या पत्राचें उत्तर मला खासगी देतां आलें असतें. परंतु हा प्रश्न एका घराचा नव्हे, म्हणून तें मी या पानांतून देत आहें. मात्र उत्तरापूर्वीं माझ्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणें मला प्राप्त आहे. ती झांकून ठेवून इतरांस उपदेश करण्याचा मला अधिकार पोंचत नाहीं.

सुमारें साठ वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे धाकटे काका, वडिलांचे सर्वांत लहान भाऊ, त्या वेळीं तिशीच्या आंतबाहेर होते. स्वमग्नता हा शब्द तेव्हां आमच्या गांवांत कोणीं ऐकला नव्हता. काकांना घरांत 'भोळा' म्हणत, आणि घराबाहेर याहून वाईट शब्दानें ओळखीत. सकाळीं उठून ते ओट्यावरील सगळ्यांच्या वहाणा जोडीजोडीनें भिंतीशीं लावीत, आणि कोणीं एक जरी हलविली तरी कासावीस होत. चालू वर्षाचें पंचांग त्यांना पाठ असे. आजोबांचें श्राद्ध कोणत्या तारखेस येतें हें आम्ही त्यांनाच विचारीत असूं. त्यांनीं कधीं कोणाला बोट लावलें नाहीं, कोणाची वस्तु घेतली नाहीं, कीं कोणाविषयीं वाईट शब्द काढला नाहीं.

माझ्या थोरल्या बहिणीला पाहावयास पाहुणे यावयाचे होते त्या दिवशीं आजीनें मला बाजूला घेऊन सांगितलें, "काकांना माडीवर ने, आणि बाहेरून कडी घाल." मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. काका माझा हात धरून निमूटपणें वर आले. कडी घालतांना मला कसेंसेंच झालें, म्हणून मीं दाराशीं तोंड नेऊन म्हटलें, "काका, जरा वेळ वरच बसा हं." आंतून माझ्याच स्वरांत, माझाच तो 'हं' लावून उत्तर आलें, "काका, जरा वेळ वरच बसा हं."

खालीं पोहे झाले, ताईनें एक पद म्हटलें, पाहुणे गेले. तें स्थळ जमलें नाहीं. त्याचें कारण पत्रिका हें होतें, काका नव्हते. दुसऱ्या वर्षीं ताईचें लग्न दुसरीकडे झालें आणि सुखाचें झालें. पण त्या दिवसानंतर आमच्या दारांत कोणीही अनोळखी माणूस आला, मग तो टपालवाला कां असेना, कीं काका आपण होऊन जिना चढूं लागत, आणि चढतांना स्वतःशींच म्हणत, "काका, जरा वेळ वरच बसा हं." पुढें बावीस वर्षें, त्यांच्या अखेरपर्यंत, हें असेंच चाललें. माझ्या स्वतःच्या लग्नांतही ते वर होते. त्यांना कोणीं जा म्हटलें नव्हतें; म्हणावयाची गरजच उरली नव्हती.

ही गोष्ट मीं आजवर कोठें लिहिली नाहीं. आज लिहितों आहें ती पत्र पाठविणाऱ्या भगिनीस दोष देण्यासाठीं नव्हे. आमची आजी दुष्ट नव्हती. काकांना पहिला वाढ तीच घाली. पण एका दिवसाची सोय म्हणून आपण जें करतों, तें त्या मुलाला एका दिवसापुरतें वाटतें असें समजण्याचें कारण नाहीं, एवढें मला अनुभवानें कळलें आहे.

आतां शास्त्र काय म्हणतें तें थोडक्यांत पाहूं. अशा मुलांचें पहिलें बारकाईचें वर्णन ग्रुन्या सुखारेव्हा या रशियन डॉक्टरबाईंनीं १९२५ सालीं केलें. त्यांनीं सहा मुलग्यांविषयीं लिहिलें होतें. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि स्वमग्नता हें निदान त्या लेखापासून रूढ झालें. ती अंगांत शिरलेली व्याधि नव्हे; मेंदूची घडणच जन्मतः निराळी असते. अशा मुलाला आवाज, उजेड, स्पर्श हे आपल्याहून कमी किंवा अधिक तीव्र लागतात. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव त्याला वाचतां येतीलच असें नाहीं. ठराविक क्रम मोडला कीं त्याचा आधारच सुटतो. ज्याला अक्षरें ओळखण्यांत असाधारण कष्ट पडतात पण ज्याची बुद्धि धड असते तो मुलगा, किंवा ज्याचें चित्त आणि शरीर एके ठिकाणीं ठरत नाहीं ती मुलगी, हींही याच मोठ्या कुळांतलीं. १९९० नंतरच्या दशकांत खुद्द अशा लोकांनींच आपली बाजू मांडावयास आरंभ केला. शरीराच्या ठेवणीप्रमाणें मेंदूच्या ठेवणींतही विविधता असावयाचीच, आणि जी ठेवण बहुसंख्यांची नाहीं ती बिघडलेलीच असली पाहिजे असें मानूं नये, हें त्यांच्या म्हणण्याचें सार. हा विचार आतां जगभर मान्यता पावत आहे.

येथें एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. मूल असें निघालें कीं पहिलें बोट आईकडे वळतें. गरोदरपणीं हिनें अमुक खाल्लें, मुलाला जवळ घेतलें नाहीं, नोकरी केली, मोबाईल हातांत दिला. एक ना दोन! विद्वानांनींही ही चूक केली आहे. अशा मुलांचे आईबाप थंड स्वभावाचे असतात असें प्रथम कॅनरसाहेबांनींच सुचविलें होतें, आणि १९६७ सालीं ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकानें त्या कल्पनेला फार मोठा प्रसार दिला. हजारों मातांनीं हा आरोप मुकाट्यानें सोसला. वस्तुतः बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञ पित्यानें १९६४ सालींच ती कल्पना निराधार असल्याचें दाखवून दिलें होतें, आणि १९६९ सालीं कॅनर यांनीं पालकांच्या सभेंत त्यांना दोषमुक्त केलें. लस टोचल्यानें स्वमग्नता येते असें सुचविणारा १९९८ सालचा निबंधही ज्या नियतकालिकानें छापला होता त्यानेंच २०१० सालीं मागें घेतला. या घडणींत आनुवंशिकतेचा वांटा सर्वांत मोठा आहे. आईच्या लाडाचा किंवा धाकाचा त्यांत कांहीं संबंध नाहीं. तेव्हां ज्या घरांत सुनेला या कारणावरून टोमणे बसत असतील, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं ते आजपासून बंद करावेत. मुलाला मदत करण्याचा तोच पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

समाजानें अशा माणसांस सामावून घ्यावें म्हणजे करावें तरी काय? याचें उत्तर तत्त्वांतून देण्यापेक्षां एका माणसाच्या आयुष्यांतून देणें बरें. कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. तो १९३३ सालीं अमेरिकेच्या मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवीं जन्मला. बाप वकील, आईच्या माहेरची गांवांत बँक. मुलगा दोन-अडीच वर्षांचा असतांनाच बायबलांतील स्तोत्र मुखोद्गत म्हणे, पण आई खोलींत आली तर मान वर करीत नसे. ताटल्या, ठोकळे, जें हातीं येई तें गरगर फिरवीत बसे. तत्कालीन वैद्यांच्या सल्ल्यानें १९३७ सालीं आईबापांनीं त्याला परगांवच्या एका संस्थेंत ठेवलें. तेथें तो खिन्न होऊन नुसता बसून राही. वर्षभरानें, संस्थेच्या प्रमुखाचें मत नसतांही, त्यांनीं त्याला घरीं आणलें, आणि बापानें तेहतीस टंकलिखित पानांचें एक पत्र कॅनर यांना धाडलें. शास्त्राच्या या शाखेचा उगम एका बापाच्या पत्रांत आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

परंतु मला सर्वांत मोलाचें वाटतें तें पुढचें प्रकरण. डोनाल्ड नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर आईबापांनीं त्याला गांवापासून कांहीं मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलें. हीं माणसें साधीं. त्यांनीं मानसशास्त्राचें एक पुस्तकही वाचलें नसेल. १९४५ सालीं कॅनरसाहेब तेथें स्वतः जाऊन आले, आणि त्या जोडप्याच्या शहाणपणानें थक्क झाले. मुलाला मोजमापाचें वेड होतें. त्यांनीं त्याला विहीर खणावयास लावलें आणि ती किती खोल गेली तें सांगण्याचें काम दिलें. तो मक्याच्या ओळी पुन्हां पुन्हां मोजीत बसे. त्यांनीं त्याच्या हातीं घोडा आणि नांगर दिला, आणि नांगरतां नांगरतां ओळी मोज म्हणून सांगितलें. पाहुण्या डॉक्टरांसमोर त्यानें सहा लांबलचक ओळी नांगरून दाखविल्या. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. शेतकऱ्यानें शिवी न देतां शेताचा एक कोपरा त्याला स्मशान म्हणून नेमून दिला. मुलानें तेथें प्रत्येकाच्या नांवाची पाटी लावली, आणि नांवांत आडनांव म्हणून त्या शेतकऱ्याचेंच आडनांव घातलें! मेलेल्या गोगलगाईलासुद्धां त्या मुलानें त्या घरचें नांव दिलें. स्वतः त्या घरचा झाल्याची याहून मोठी पावती ती कोणती असावयाची?

विचारी वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. त्या जोडप्यानें मुलाचें वेड घालविलें नाहीं, तसें तें मोकाटही सोडलें नाहीं. त्याला घरच्या कामाशीं जोडून दिलें. आमच्या काकांना पंचांगाचा नाद होता, वस्तु ओळीनें लावण्याचा नाद होता. गांवांतील वाचनालयाला ग्रंथ लावून ठेवणारा माणूस मिळत नव्हता, अशी तक्रार माझे वडीलच दर महिन्याच्या सभेंत करीत असत. त्या दोन गोष्टी एकमेकींशीं जोडाव्या हें आमच्या सुशिक्षित घरांत कोणाच्याही डोक्यांत आलें नाहीं. जें एका अमेरिकन शेतकऱ्याला सुचलें तें आम्हांला सुचलें नाहीं, कारण त्याची दृष्टि मुलाकडे होती, आणि आमची लोकांकडे.

डोनाल्ड पुढें गांवच्या शाळेंत गेला, १९५८ सालीं पदवीधर झाला, आणि गांवच्या बँकेंत त्यानें सुमारें पासष्ट वर्षें नोकरी केली. तो गॉल्फ खेळूं लागला, सत्ताविसाव्या वर्षीं मोटार चालवावयास शिकला, आणि पुढें एकट्यानें देशोदेशींचा प्रवास करून आला. तो लोकांना नांवांबरोबर आंकडेही देई; ज्याला आंकडा मिळे त्याला त्याचा अभिमान वाटे. शाळेच्या इमारतीला विटा किती, हें त्यानें एका दृष्टिक्षेपांत सांगितलें अशी त्याची गांवांत ख्याति होती. म्हातारपणीं त्यानें हंसून कबूल केलें कीं तो आंकडा आपण मनानेंच ठोकून दिला होता. त्या पोरांनीं आपल्याला चांगलें म्हणावें एवढीच इच्छा होती. ज्याला माणसांची पर्वा नाहीं असें शास्त्रज्ञ लिहीत होते, त्या मुलाच्या मनांत हें होतें! दोघे पत्रकार त्याची हकीकत लिहावयास गांवांत आले, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांना सौजन्यानें पण स्पष्ट बजावलें कीं आमच्या डॉनला दुखवाल तर गांठ आमच्याशीं आहे. २०२३ सालीं एकोणनव्वदाव्या वर्षीं तो आपल्या गांवींच वारला.

आतां यावर कोणी म्हणेल, त्याच्या आईची बँक होती म्हणून हें जमलें. आक्षेप खरा आहे. त्याच काळीं त्याच मिसिसिपींत एखाद्या काळ्या मजुराच्या घरीं असा मुलगा जन्मला असता तर त्याला कोणीं बाल्टिमोरास नेलें नसतें. पैशानें दार उघडतें यांत शंका नाहीं. पण पैशानें गांवची माया विकत मिळत नाहीं. आणि जें एका सधन मुलाला दैवानें मिळालें तें प्रत्येकाला हक्कानें मिळावें, हाच तर मुद्दा आहे. आपल्या देशांत त्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत. १९९९ च्या कायद्यानें राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, आणि आईबापांच्या मागें या मुलांचें पालकत्व कोणीं पाहावें याची तरतूद झाली. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकार गणले असून त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता हीं दोन्ही आहेत. शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या यांत कांहीं जागाही त्यानें राखून ठेवल्या आहेत. वाचनांत अडखळणाऱ्या मुलांस परीक्षेंत सवलती देण्याच्या कामीं महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालींच पुढाकार घेतला होता. ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं दाखला काढण्यांत कमीपणा मानूं नये. कित्येक सुशिक्षित घरें केवळ 'नांव लागेल' या भीतीनें मुलाचा हक्क बुडवितात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो बहुधा स्तुतीच्या वेषांत येतो. अशा मुलांत एखादी अलौकिक शक्ति असते, त्यांच्यांतून मोठे गणिती निघतात, म्हणून समाजानें त्यांना जपावें, असें हल्लीं पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. हेतु चांगला आहे, परंतु पाया कच्चा आहे. बहुतेक स्वमग्न मुलें गणिती नसतात, जशीं बहुतेक इतर मुलेंही नसतात. कांहीं जन्मभर बोलत नाहींत. कांहींना जेवूं घालावें लागतें, रात्ररात्र जागावें लागतें. माणसाची किंमत उपयोगावर ठरवावयाची झाली तर या मुलांचें काय?

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. व्हिएन्ना शहरांत हान्स आस्पेर्गर नांवाचे बालवैद्य होते. त्यांनीं १९४४ सालीं अशाच मुलांविषयीं प्रबंध लिहिला, आणि त्यांतील हुशार मुलगे समाजाला मोठे उपयोगी पडतील असें आग्रहानें प्रतिपादिलें. त्यामुळें पुढें कित्येक वर्षें ते या मुलांचे कैवारी म्हणून नांवाजले गेले. परंतु ऑस्ट्रिया तेव्हां नाझी राजवटीखालीं होता. त्याच शहरांत 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेंत १९४० ते १९४५ या काळांत ७८९ मुलें मरण पावलीं. निरुपयोगी ठरविलेल्या कित्येक मुलांना तेथें औषधें देऊन आणि उपाशी ठेवून मारण्यांत आलें. हेर्विग चेक या इतिहाससंशोधकानें २०१८ सालीं जुनीं दप्तरें तपासून दाखविलें कीं खुद्द आस्पेर्गर यांनीं दोन लहान मुलींना तेथें धाडण्याची शिफारस केली होती. दोघीही तेथें मेल्या. घरीं ही मुलगी असह्य ओझें होत असावी, अशा अर्थाचा शेरा त्यांपैकीं एकीच्या कागदावर आहे. तेथें मेलेल्या मुलांचे मेंदू पुढें कित्येक वर्षें संशोधनासाठीं बरण्यांत ठेवलेले होते. त्यांचे अवशेष २००२ सालीं दफन करण्यांत आले.

आपल्या घरांतील कडी आणि तें भयानक घर यांत महदंतर आहे, हें मी जाणतों. पण 'उपयोगी' आणि 'ओझें' ही वांटणी एकदां मान्य केली म्हणजे रेघ कोठें ओढावयाची हें ओढणाऱ्याच्या मर्जीवर राहतें, एवढाच बोध मला त्यांतून घ्यावयाचा आहे. आणि ही रेघ आपल्या सर्वांच्या अंगावरून केव्हांतरी जाते. तान्हें मूल उपयोगी नसतें. अंथरुणाला खिळलेली आजी उपयोगी नसते. आपण त्यांना सांभाळतों तें उपयोगासाठीं नव्हे, तीं आपलीं आहेत म्हणून. तोच न्याय या मुलाला लावावयाचा, यापेक्षां अधिक कांहीं मागणें नाहीं.

आपल्या घरांतून मंद मुलाला 'जडभरत' म्हणण्याची चाल आहे. म्हणणारांपैकीं किती जणांस ती कथा ठाऊक असते? भागवताच्या पांचव्या स्कंधांतील हा भरत ब्राह्मणाच्या घरीं जन्मला. बापानें पुष्कळ शिकवून पाहिलें. मुलगा शिकला नाहीं. पुढें भावांनीं त्याला निरुपयोगी ठरवून शेत राखावयास बसविला, आणि कोंडा-करपलेलें अन्न घातलें. एके दिवशीं राजा रहूगणाच्या पालखीला भोई कमी पडला म्हणून राजाच्या माणसांनीं त्याला धरून नेलें. पायाखालीं जीवजंतु चिरडूं नये म्हणून तो पाहून पाहून पाऊल टाकी; त्यामुळें पालखी हिसके खाऊं लागली. राजा रागावला, टोंचून बोलला. आणि उत्तर ऐकल्यावर पालखींतून उतरून त्याच्या पायां पडला. कथेचा हेतु वेदान्त सांगण्याचा आहे, आणि प्रत्येक अबोल मूल ज्ञानी असतें असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. पण चाल वेडीवांकडी दिसली तर त्यामागें कांहीं कारण असूं शकेल, आणि तें पालखींत बसलेल्याला दिसत नाहीं, एवढें तरी त्या कथेवरून ध्यानांत यावें. आपण नांव तेवढें उचललें; कथा विसरलों.

एकत्र कुटुंबांत अशा मुलाला जितका त्रास होऊं शकतो तितकाच आधारही मिळूं शकतो. तेथें हात पुष्कळ असतात आणि तोंडेंही पुष्कळ असतात. चौदा माणसांच्या घरांत आईला रोज एक तास पुरती विश्रांति मिळणें अशक्य असूं नये. आणि तरीही बहुतेक घरांतून त्या मुलाचें सर्व कांहीं तिच्याच अंगावर असतें. एका काकानें त्याला रोज फिरावयास न्यावें, आजोबांनीं त्याच्याजवळ बसून पंखा पाहावा, चुलत भावंडांनीं त्याला खेळांत एक ठराविक काम द्यावें. हें सर्व एका महिन्यांत साधणार नाहीं. सुरुवात मात्र पाहुणे येण्यापूर्वीं करतां येईल.

आतां त्या भगिनीस माझें उत्तर. मुलाला मामाकडे पाठवूं नका. पण हा निर्णय एकट्या घेऊं नका. प्रथम पुतणीला विचारा. लग्न तिचें आहे, आणि तिच्या तोंडून "तो माझा भाऊ आहे, घरींच राहील" असें निघालें तर वडील माणसांस पुढें बोलावयास जागा उरत नाहीं. मग दिरांनीं पाहुण्यांस आधींच फोन करून साध्या शब्दांत सांगावें कीं आमच्या घरीं असा असा मुलगा आहे. पुढील पिढीविषयीं त्यांनीं विचारलें तर खरें तेंच सांगावें: आनुवंशिकतेचा संबंध आहे, चुलत नात्यांत संभव थोडासा वाढतो, पण बहुतेक मुलांच्या बाबतींत तसें कांहीं होत नाहीं. एवढ्यावरून जे पाहुणे येणार नाहींत ते न आलेलेच बरे. कारण लग्नानंतर कळलें असतें तर त्याची किंमत तुमच्या पुतणीला द्यावी लागली असती.

मुलाची तयारी आठ दिवस आधींपासून करा. कोण येणार, कोठें बसणार, केव्हां जाणार, हें चित्रें काढून रोज एकदां दाखवा. त्या वेळेपूर्वींच स्वयंपाक उरकून घ्या, म्हणजे कुकर लावावा लागणार नाहीं. त्याला एखादें काम द्या. सुपाऱ्यांचें तबक आणून ठेवणें किंवा पाहुण्यांच्या वहाणा ओळीनें लावणें त्याला जमेल तर तेंही चालेल. त्याचें मन थकलें तर त्याला जावयास एक शांत खोली असूं द्या, परंतु तिचें दार उघडें ठेवा. तो आपल्या पायांनीं आंत गेला आणि आपल्या पायांनीं बाहेर आला तर ती त्याची विश्रांति होय; बाहेरून कडी पडली तर ती शिक्षा होय, आणि ती कशाबद्दल हें त्याला कधींच कळणार नाहीं. तो पंख्याखालीं टाळ्या वाजवूं लागला तर कोणीं ओशाळूं नये, कीं त्याला दटावूं नये. पाहुणे तुमच्या चेहऱ्याकडे पाहूनच आपला चेहरा ठरवितात.

आणि एक शेवटचें. तुमचा मुलगा ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत म्हणतो असें तुम्हीं लिहिलें आहे. तेव्हां त्या दिवशीं त्याच्या कानांवर कोणतें वाक्य पडावें, याचा विचार घरांतील सर्वांनीं मिळून आधींच करावा. माझ्या काकांना मीं दिलेलें वाक्य त्यांनीं बावीस वर्षें जपलें. तुमच्या घरीं पुतणीनेंच पाहुण्यांसमोर त्याचा हात धरून "हा माझा भाऊ" असें म्हणावें. तो तेंच म्हणेल.

तो दिवस कसा गेला तें मला अवश्य कळवावें.